‘एन्व्हियस’ कोण आणि ‘एन्व्हिएबल’ कोण?

काही चुका अशा असतात की वर्षं लोटली तरी आठवल्या की कान गरम होतात. माझी तशी एक चूक इंग्रजी लेखाचं भाषांतर करताना झाली. लेखात एक बाई होत्या. त्यांच्या कचेरीत एका वरच्या जागेसाठी निवड व्हायची होती, निवड समितीवर त्या होत्या, आणि अर्ज करणाऱ्या दोघीही त्यांच्या शेजारच्याच टेबलांवर बसणाऱ्या मैत्रिणी. समितीवर नेमल्यामुळे बाई ‘इन्व्हिडियस पोझिशन’मध्ये सापडल्या, असं मूळ वाक्य होतं. मी शब्दाचा तोंडवळा पाहिला, हा ‘एन्व्ही’च्या घरातलाच दिसतो असं मनाशी म्हटलं, शब्दकोश उघडायचा आळस केला आणि ठोकून दिलं: ‘त्यांच्या वाट्याला कुणालाही हेवा वाटावा असं स्थान आलं.’ प्रूफ परत आलं तेव्हा संपादकांनी समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले होते. ‘हेवा? कुणाला?’

पुढच्याच परिच्छेदात बाईंना रात्रभर झोप लागत नाही, हेही मीच लिहिलं होतं.

तेव्हापासून या घराण्यातल्या शब्दांवर माझी नजर असते. घरातला कर्ता शब्द ‘एन्व्हियस’. तो नीट कळला की बाकीचे आपोआप ओळीत येतात, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो.

‘एन्व्हियस’ हे विशेषण आहे. ज्याला हेवा वाटतो, त्या माणसाला ते लागतं. दुसऱ्याजवळ काहीतरी आहे, आपल्याजवळ ते नाही, आणि ते आपल्याजवळ असावं असं वाटतं. शिवाय त्या वाटण्याला बारीकशी टोचणी आहे. ही टोचणी महत्त्वाची. ती नसेल तर ते नुसतं कौतुक. वस्तू मोठी असायला लागत नाही. कुणाचा आवाज, कुणाची झोप, कुणाचं सुंदर अक्षर, काहीही चालतं. माणूस मात्र बहुधा जवळचा लागतो. कुंभार कुंभारावर खार खातो आणि भिकारी भिकाऱ्यावर, असं हेसिअड या ग्रीक कवीने सुमारे २७०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. दूरच्या सम्राटाचा हेवा करत कुणी कूस बदलत बसत नाही. बरोबरीने परीक्षेला बसलेल्याचा निकाल तेवढा डोळ्यांत सलतो.

उच्चारात जोर पहिल्या ‘एन्’वर द्यायचा आणि पुढचं पटकन उरकायचं. स्पेलिंगमध्ये ‘एन्व्ही’च्या शेवटचा ‘वाय’ जातो आणि तिथे ‘आय’ येतो. ‘वाय’ तसाच ठेवून पुढे ‘ओयूएस’ जोडणारे पुष्कळ भेटतात. यापलीकडे त्यात अवघड काही नाही.

अवघड आहे ते मराठीत आणताना. शाळेत आपण पाठ केलं, ‘एन्व्हियस’ म्हणजे मत्सरी, आणि गाडी तिथेच रुळावरून घसरली. ‘मत्सरी’ हा माणसाचा स्वभाव झाला. ‘ती मत्सरी आहे’ म्हटलं की तो आरोप होतो, आणि गंभीर आरोप होतो. मत्सर हा आपल्याकडे षड्रिपूंतला सहावा. इंग्रजीतलं ‘शी इज एन्व्हियस’ मात्र पुष्कळदा आत्तापुरतं असतं. आज या क्षणी तिला हेवा वाटतोय, उद्या विसरेलही. मराठीत अशी क्षणाची भावना माणसाच्या अंगावर विशेषण म्हणून चिकटवत नाहीत. ती माणसाला ‘वाटते’. मला भीती वाटते, त्याला लाज वाटते, तिला हेवा वाटतो. माणूस चतुर्थीत जरा बाजूला उभा, आणि भावना येऊन त्याला गाठते. इंग्रजीत तोच माणूस कर्त्याच्या जागी बसतो आणि म्हणतो, ‘आय अ‍ॅम एन्व्हियस.’ शब्दाला शब्द ठेवून याचं ‘मी मत्सरी आहे’ केलं तर पोलिसांपुढे कबुलीजबाब दिल्यासारखं वाटेल. मैत्रिणीने डोंगरावरच्या सहलीचे फोटो पाठवले आणि खाली कुणी ‘सो एन्व्हियस!’ असं लिहिलं, तर त्याचं मराठी ‘हेवा वाटतो बाई तुझा!’ एवढंच. त्यात खोडी नाही, उलट गोंजारणंच आहे.

स्वभाव म्हणूनही हा शब्द येतो, नाही असं नाही. नामाच्या आधी बसला की त्याचा कल तिकडे झुकतो. ‘अ‍ॅन एन्व्हियस मॅन’ म्हणजे ज्याला दुसऱ्याचं चांगलं कधीच सोसत नाही असा माणूस. इथे ‘मत्सरी’ चपखल बसतो. पण ‘एन्व्हियस ग्लान्स’ असेल तर पुन्हा ती घडीभराची नजर: जाता जाता दुसऱ्याच्या ताटाकडे, तसा दुसऱ्याच्या भाग्याकडे टाकलेला कटाक्ष.

आता शब्दयोगी अव्ययाचा घोळ. ‘एन्व्हियस’च्या मागून ‘ऑफ’ येतो. ‘ही वॉज एन्व्हियस ऑफ हर मेमरी’, त्याला तिच्या स्मरणशक्तीचा हेवा वाटे. ज्याचा हेवा तो माणूस असो की त्याच्याकडची वस्तू, दोन्हींना ‘ऑफ’च. खरं तर मराठी माणसाला हे जन्मजात यायला हवं, कारण आपण ‘त्याचा हेवा’ म्हणतो आणि ‘चा’चं इंग्रजी ‘ऑफ’. तरीही ‘एन्व्हियस ऑन हिम’, ‘जेलस ऑन मी’ असलं इंग्रजी आपल्या तोंडून सर्रास निघतं. का? माझा अंदाज असा की त्या क्षणी आपल्या डोक्यात ‘हेवा’ हा शब्द नसतोच, ‘जळणे’ असतो. ‘तो माझ्यावर जळतो.’ या ‘वर’चा ‘ऑन’ होतो आणि वाक्य बिघडतं. म्हणून ‘ऑन’ जिभेवर आला की मनात ‘जळतो’ पुसायचं आणि ‘हेवा’ आणायचं. ‘ऑफ’ आपसूक येतो. ‘एन्व्हियस ग्लान्सेस अ‍ॅट’ असं कुठे वाचाल तर गडबडू नका. तिथला ‘अ‍ॅट’ कटाक्षाच्या मालकीचा आहे.

क्रियापदाची एक लकब इथेच सांगून टाकतो. ‘आय एन्व्ही यू युअर पेशन्स’ असं वाक्य दिसलं की ‘यू’ आणि ‘युअर’च्या मधे काहीतरी गळलंय असं वाटतं. गळलेलं काही नाही. या क्रियापदाला दोन कर्मं चालतात, माणूस आणि त्याच्याजवळची गोष्ट. ‘तुझ्या धीराचा मला हेवा वाटतो’, बस्स. आणि कुणी आपल्याला ‘आय डोन्ट एन्व्ही यू’ म्हणालं तर रागवायचं नसतं. ते सहानुभूती दाखवत असतात: तुझ्या जागी मी नाही हे माझं नशीब.

हा नकार आपल्याला ‘एन्व्हिएबल’कडे नेतो. ‘एन्व्हियस’ तो, ज्याला हेवा वाटतो. ‘एन्व्हिएबल’ ते, ज्याचा हेवा वाटावा. एक बघणारा, दुसरं बघितलं जाणारं. मराठीत ‘हेवा वाटावा असा’ ही तीन शब्दांची जुळणी आहे आणि ती उत्तम चालते. त्यासाठी ‘मत्सरयोग्य’सारखं काही घडवू नये. गोंधळ होतो तो असा की लोक ‘ही इज इन अ‍ॅन एन्व्हियस पोझिशन’ लिहितात आणि त्यांना म्हणायचं असतं की त्याचं स्थान हेवा वाटण्याजोगं आहे. लिहिलेल्याचा अर्थ होतो, स्थानालाच हेवा वाटतो. खुर्ची बिचारी कुणाचा हेवा करणार? इंग्रजी मातृभाषा असणारेही ही चूक करतात, म्हणून आपण फार ओशाळायला नको.

‘अनएन्व्हिएबल’ हा शब्द मला या कुटुंबात सगळ्यांत आवडतो. ‘अनएन्व्हिएबल टास्क’ म्हणजे जे काम आपल्या गळ्यात पडू नये म्हणून प्रत्येकजण नजर चुकवतो ते. अपघाताची बातमी घरच्यांना कळवणं. वीस जणांना कामावरून कमी केल्याची पत्रं वाटणं. भाषांतरात याचं ‘हेवा न वाटण्याजोगं काम’ असं रूप पाहिलं आहे, आणि ते वाचताना दाताखाली खडा येतो. ‘नकोसं काम’ पुरतं. प्रसंग हलका असेल तर ‘दुष्मनावरही येऊ नये असं काम’ म्हणावं.

‘जेलस’बद्दल आता बोलायलाच हवं, कारण बोलण्यात त्याने ‘एन्व्हियस’ची अर्धीअधिक जागा बळकावली आहे. मूळचा फरक असा: ‘एन्व्हियस’ला लागतात दोन माणसं, ‘जेलस’ला तीन. दुसऱ्याजवळचं आपल्याला हवं, तेव्हा ‘एन्व्हियस’. आपल्याजवळचं तिसरा कुणी नेईल या धास्तीने जीव खालीवर, तेव्हा ‘जेलस’. नव्या भावंडाला मांडीवर घेतलेलं पाहून थोरलं मूल आईचा पदर ओढतं, ते ‘जेलस’. शेजारच्या मुलाची सायकल पाहून हिरमुसतं, ते ‘एन्व्हियस’. ‘जेलस’ पहारा करतो. म्हणूनच ‘जेलसली गार्डेड सिक्रेट’ म्हणतात, जिवापाड जपलेलं गुपित. तिथे ‘एन्व्हियसली’ घालून बघा, वाक्याला अर्थच उरत नाही. बायबलमधला देव दहा आज्ञा देताना स्वतःला ‘जेलस गॉड’ म्हणवतो. त्याला कुणाचा हेवा वाटत नसतो. आपल्या भक्ताने दुसऱ्याला भजलेलं त्याला खपत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. ‘जेलस’ आणि ‘झील’, म्हणजे उत्कट आवेश, हे दोन्ही शब्द एकाच ग्रीक ‘झेलोस’पासून निघालेले आहेत. तो आवेश ‘जेलस’च्या पहाऱ्यात अजून आहे.

हाच भेद आपल्याकडच्या वैयाकरणांनी विभक्तीने दाखवून दिला होता, हे मला फार उशिरा कळलं आणि कळलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. पाणिनीचं एक सूत्र आहे, पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादातलं ३७ वं. राग, द्रोह, ईर्ष्या, असूया या अर्थाचे धातू असतील तर ज्याच्यावर कोप आहे त्याची चतुर्थी करावी, असं ते सांगतं. म्हणून ‘देवदत्ताय ईर्ष्यति’, तो देवदत्तावर जळतो. पाणिनीच्या सूत्रांवरची सातव्या शतकाच्या सुमाराची टीका, काशिकावृत्ती, त्यावर विचारते, सूत्रात ‘ज्याच्यावर कोप’ असं मुद्दाम कशाला घातलं? आणि उदाहरण देते: ‘भार्याम् ईर्ष्यति’. इथे नवऱ्याचा राग बायकोवर नाही. तिच्याकडे दुसऱ्या कुणी पाहू नये, असं त्याला वाटतं. म्हणून चतुर्थी नाही, साधी द्वितीया. धातू एकच, पण देवदत्ताकडे पाहणारी ईर्ष्या इंग्रजीतल्या ‘एन्व्ही’च्या अंगाने जाते आणि बायकोभोवती पहारा देणारी ‘जेलसी’च्या. इंग्रजीने दोन शब्द वापरले, संस्कृतने दोन विभक्त्या.

आजच्या बोलण्यात ‘आय अ‍ॅम सो जेलस’ हे हेव्यालाही चालतं, आणि शब्दकोशांनीही ते मानलं आहे. त्यावरून कुणाला टोकणं म्हणजे उगाच शुद्धलेखनाचा दंडुका उगारणं. पण उलटं चालत नाही, एवढं ध्यानात असू द्या. संशयी प्रियकराला ‘एन्व्हियस लव्हर’ म्हणता येत नाही. लिहिताना नेमकेपणा हवा असेल तर मी अजूनही दोन माणसं की तीन, हे बोटांवर मोजतो.

शब्दाचं मूळ पाहिलं तर ते डोळ्यात आहे. लॅटिनमध्ये ‘विदेरे’ म्हणजे पाहणे. इंग्रजीतले ‘व्हिजन’ आणि ‘व्हिडिओ’ त्यातलेच, आणि आपला ‘विद्’ धातू, ज्यापासून ‘वेद’ आला, तोही दूरच्या नात्याने त्याच कुळातला. त्याला ‘इन’ लागून ‘इन्विदेरे’ झालं, वाकड्या नजरेने पाहणे. त्याचं नाम ‘इन्विदिया’. दुसऱ्याच्या भाग्याकडे अति टक लावून पाहण्यावरून हा शब्द आला, असं सिसरो या रोमन वक्त्यानेच सांगितलं आहे. मराठीत याला तयार वाक्प्रचार आहे: त्याला दुसऱ्याचं चांगलं ‘बघवत नाही’. दोन हजार वर्षांच्या आणि हजारो मैलांच्या अंतराने दोन भाषांनी एकाच अवयवावर बोट ठेवलं. इटालियन कवी दांते याने आपल्या काव्यातल्या शुद्धिपर्वतावर मत्सरी आत्म्यांना जी शिक्षा दिली आहे ती याच धाग्याची: त्यांच्या पापण्या लोखंडी तारेने शिवलेल्या आहेत. ज्या डोळ्यांना बघवत नव्हतं, ते बंद.

‘इन्विदिया’ फ्रेंचमध्ये ‘आँव्ही’ झाला आणि तिथे पुष्कळ निवळला. आजच्या फ्रेंचमध्ये झोपावंसं वाटलं तरी ‘आँव्ही’ येते म्हणतात. हेव्याचा अर्थ आहेच, पण रोजच्या वापरात नुसती इच्छा. इंग्रजीने जुन्या फ्रेंचकडून तो घेतला तेव्हा विष शाबूत होतं, आणि इ.स. १३०० च्या सुमारास ‘एन्व्हियस’ इंग्रजीत रुळला.

हे विष किती, हा प्रश्न मात्र इंग्रजी शब्द उघडा ठेवतो. तुझ्यासारखं मलाही मिळो, हाही ‘एन्व्हियस’. तुझं जावो, मला मिळालं नाही तरी चालेल, हाही ‘एन्व्हियस’. काही भाषांनी दोन खोल्या केल्या आहेत. डच भाषेत सौम्य हेव्याला एक शब्द आहे आणि जहरी हेव्याला दुसरा. पोलिशमध्येही तसेच दोन. रशियन लोक ‘पांढरा हेवा’ असा शब्दप्रयोग करून सांगतात की माझा हेवा निर्मळ आहे. २००९ साली नेदरलँड्समधल्या मानसशास्त्रज्ञांनी या दोन हेव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला: सौम्य हेवा माणसाला स्वतः वर चढायला लावतो, जहरी हेवा दुसऱ्याला खाली ओढायला.

मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. ‘हेवा’ सौम्य, तोंडावर बोलून दाखवता येतो. ‘मत्सर’ काळा, तो कुणी आपला म्हणून सांगत नाही, दुसऱ्याचाच सांगतात. ‘पोटदुखी’ त्याची टिंगल करते. आणि ‘असूया’ सगळ्यांत सूक्ष्म. अमरकोशात तिची व्याख्या आहे: गुणांवरही दोषांचा आरोप करणं. कुणी सुरेख गायलं तर ‘आवाज आहे, पण तयारी कुठाय?’, तयारी असली तर ‘तयारी आहे, पण भाव कुठाय?’ असं म्हणते ती असूया. जिच्यात ही नाही ती अनसूया, हे नाव आपण इतकं वापरलं की त्यातलं ‘अन्’ ऐकूच येईनासं झालं. त्यामुळे ‘एन्व्हियस’ समोर आला की मराठी लेखकाला आधी ठरवावं लागतं, विष किती आहे. शब्दकोश ते ठरवून देत नाही. आजूबाजूची वाक्यं देतात.

राहिला ‘इन्व्हिडियस’. लॅटिन ‘इन्विदिओसुस’ या एकाच शब्दाची इंग्रजीत दोन रूपं झाली. एक फ्रेंचच्या तोंडात घोळून, झिजून आलं, तो ‘एन्व्हियस’. दुसरं १६०० च्या सुमारास थेट लॅटिनमधून उचललं, तो ‘इन्व्हिडियस’. आपल्याकडे ‘क्षेत्र’ आणि ‘शेत’ आहेत ना, तसंच. एक तत्सम, एक तद्भव. आणि क्षेत्राचा अर्थ जसा शेतापासून सुटून भलतीकडे गेला, तसा ‘इन्व्हिडियस’चाही गेला. तो हेवा वाटणाऱ्याला लागत नाही आणि हेवा वाटण्याजोग्यालाही लागत नाही. ज्या गोष्टीमुळे लोकांची मनं दुखावतात, रोष पेटतो, अन्याय झाल्यासारखा वाटतो, तिला तो लागतो. दोन मुलांची भर पाहुण्यांत केलेली तुलना, ही ‘इन्व्हिडियस कम्पॅरिझन’. थॉर्स्टिन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने हा शब्दप्रयोग १८९९ साली आपल्या ग्रंथात पारिभाषिक म्हणून वापरला, माणसांची श्रीमंतीवरून प्रतवारी लावण्यासाठी, आणि यात मला कुणाची निंदा करायची नाही असा खुलासाही केला. शब्दाला आधीपासून किती काटे होते ते त्या खुलाशावरून दिसतं.

तर समितीवरच्या त्या बाई. दुसऱ्या खेपेला मी लिहिलं, ‘त्यांची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली.’ तेही पेन्सिलीने खोडून आलं, आणि संपादकांचं बरोबर होतं: आड-विहिरीत पेच आहे, पण त्यात माणसं नाहीत. रुसणाऱ्या दोन मैत्रिणी त्यातून गळल्या होत्या. शेवटी छापलं गेलं ते असं: ‘कुणालाही निवडलं तरी एकीचा रोष त्यांच्यावर यायचाच होता.’ सगळ्या वाक्यात विशेषण एकही नाही.